संगमावरची वकिलात : आग लागेपर्यंतचे दिवस आणि प्रहर

१३ जून १८१७

भिवंडीवरचा अंमल बदलला तो कामवारीच्या काठी तोफा वाजून नव्हे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने एका तहावर शिक्कामोर्तब केलं आणि कल्याण-भिवंडीसकट सगळं उत्तर कोकण कंपनी सरकारच्या पदरात पडलं. पेशवाई १८१८ साली बुडाली असं आपण शाळेत घोकतो. भिवंडीपुरती ती वर्षभर आधीच बुडाली होती, आणि कुणाचं फारसं रक्त न सांडता.

पुण्याची ही गोष्ट भिवंडीत बसून सांगण्यात काही आगाऊपणा नाही. तिचे निम्मे धागे आमच्याच अंगणातले आहेत. एका बाजूला वसई. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांच्या धास्तीने पुणं सोडून आलेल्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पत्करली. दुसऱ्या बाजूला खाडी ओलांडली की ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. इंग्रजांच्या अभयवचनावर पुण्याला आलेला हा माणूस होता. आळ आला तो पेशव्यांचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर, आणि इंग्रजांनी त्याला ठाण्यात कोंडलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, म्हणजे फितुरीला जागा नको. पण गोऱ्यांना मराठी कुठे येत होतं? एका साहेबाचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याची उस्तवार करताना गाणी म्हणायचा आणि गाण्यातूनच निरोप पोचवायचा, अशी हकिकत पुढे बिशप हेबरने नोंदवली आहे. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी पसार झाला. तिथून बिघडत गेलेलं प्रकरण या जूनच्या तहापर्यंत येऊन ठेपलं.

तहात मुलूख गेला त्याची चर्चा पुष्कळ होते. मला त्यातलं दुसरंच कलम जास्त जिव्हारी लागणारं वाटतं. पेशव्यांनी यापुढे परराज्यांचे वकील पुण्यात ठेवायचे नाहीत, आपले वकील कुठे पाठवायचे नाहीत, आणि जो काही पत्रव्यवहार करायचा तो पुण्यातल्या इंग्रज वकिलामार्फत करायचा. ज्या दरबाराचे हिंगणे दिल्लीत होते, गोविंदराव काळे हैदराबादेत होते, ज्याच्या पेठांमधून शिंदे, होळकर, भोसले, निजाम अशा सगळ्यांचे वकील पालख्यांतून फिरत, त्या दरबारात आता एकच वकिलात उरली. मुळा-मुठेच्या संगमावरची. राज्याचे डोळे काढून घ्यायचे आणि मग वाट दाखवायला आपलाच माणूस द्यायचा, असा हा प्रकार होता.

त्याआधीची एकशेत्रेचाळीस वर्षं, थोडक्यात

इंग्रजांचा पहिला ठळक वकील हेन्री ऑक्झेंडन. १६७४ साली तो रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. नजराणा दिला, व्यापाराचा करार केला आणि मुंबईला परतला. पुढे मॉस्टिन पुण्यात येऊन-जाऊन होता. पण कायमची वकिलात बसली ती चार्ल्स मॅलेटने, १७८६ मध्ये. महादजी शिंद्यांना पुण्यात इंग्रज वकील नको होता, म्हणून मॅलेटला आधी थेट मथुरेकडे जाऊन त्यांची मर्जी संपादन करावी लागली आणि मग पुण्याचा रस्ता धरता आला. शहराबाहेर, संगमाच्या टोकावर त्याला जागा मिळाली. तिथे बंगले उठले, बाग फुलली.

ही वकिलात म्हणजे नुसतं हेरांचं घर होतं असं म्हणून तिला निकालात काढता येत नाही. मॅलेटच्या काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इथे आला, शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली आणि गंगाराम तांबट नावाचा आपला माणूस वेरूळची लेणी कागदावर उतरवू लागला. हेरगिरीही होतीच. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली सुखाने नांदत.

मॅलेटनंतर पामर, मग बॅरी क्लोज, आणि १८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा गृहस्थ ग्रीक-फारसी वाचणारा, रोजनिशी लिहिणारा, सहा वर्षांत संगमावर पुस्तकांचा मोठा साठा जमवून बसलेला. पुण्याला येण्याआधी काबूलच्या शहाकडे कंपनीचा वकील म्हणून तो पेशावरपर्यंत जाऊन आला होता, आणि त्या मुलखावरचा त्याचा ग्रंथ १८१५ साली छापून निघाला होता. शेजाऱ्याच्या दरबारात बसून शेजाऱ्याला कसं वाचायचं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

ऑगस्ट, माहुली

साताऱ्याजवळ माहुलीला सर जॉन माल्कम बाजीरावाला भेटला. बाजीराव बोलण्यात इतका गोड की समोरच्याला आपणच अन्याय केला असं वाटावं. माल्कमला तसंच वाटलं. पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेसाठी फौज जमवा, असं त्याने पेशव्यांना सुचवलं. मे महिन्यात तारण म्हणून घेतलेले सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले परत देण्यात आले. म्हणजे फौज उभारायला परवानगी इंग्रजांचीच, आणि पाठीशी किल्लेही! एल्फिन्स्टनला हे पटलेलं नव्हतं. पण माल्कम मोठा अधिकारी, करणार काय.

सेनेची सूत्रं बापू गोखल्यांकडे आली. तयारीसाठी त्यांना एक कोट रुपये दिले गेले आणि अखत्यारपत्रही मिळालं. बाजीरावाच्या मनात दुसराही एक बेत घोळत होता: एल्फिन्स्टनला भेटीला बोलवायचं किंवा रपेटीला निघाला की गाठायचं, आणि संपवायचं. गोखल्यांनी त्याला साफ नकार दिला. लढायचं तर मैदानात, वकिलाच्या अंगाला हात लावायचा नाही. पंढरपूरच्या खुनाने जे राज्य गोत्यात आलं, त्याच राज्याच्या सेनापतीने हे म्हणावं यात त्याचं मोठेपण आहे. हे लिहून ठेवलं आहे ते ग्रँट डफने. तो तेव्हा एल्फिन्स्टनचा मदतनीस होता, शत्रुपक्षातला. म्हणून त्यावर जास्त विश्वास बसतो.

१४ आणि १९ ऑक्टोबर

चौदा तारखेला बाजीराव आणि एल्फिन्स्टन यांची शेवटची भेट झाली. मुलूख गेला, अब्रू गेली, असं पेशवे बोलले. दसऱ्यानंतर फौजा सरहद्दीकडे निघतील असंही म्हणाले.

दसरा एकोणीसला होता. सीमोल्लंघनाला एवढा लवाजमा पुण्याने त्यानंतर कधी पाहिला नाही. परतताना नारोपंत आपट्यांच्या घोडदळाचा एक दाट जमाव भरधाव इंग्रजी पलटणीच्या बगलेवर आला आणि अगदी जवळ येऊन वळला. खेळ होता की इशारा, हे समजायला कुणाला दुभाष्या लागला नाही.

२८ ऑक्टोबर, रात्र

या साऱ्या हकिकतीतली खरी घटका मला हीच वाटते, आणि तिच्यात घडलं काहीच नाही.

इंग्रजांची छावणी तेव्हा गारपिरावर होती, शहराला खेटून. भोवती बागा, कुंपणं, निवडुंगाच्या बांधांआड कुणीही दबा धरावा अशी जागा. पेशव्यांचे सरदार रोज थोडे थोडे सरकत त्या छावणीला वेढत आले होते. त्या रात्री शहरात तोफांना बैल जुंपलेले, घोड्यांवर खोगिरं चढलेली, पायदळ हत्यारबंद. वकिलातीच्या गच्चीवर एल्फिन्स्टन आणि त्याची माणसं उभी राहून शहराकडून येणारा गलबला ऐकत होती. नदीच्या पात्रावरून आवाज लांबवर येतो. हत्तींचे, घोड्यांचे, माणसांचे सूर वेगवेगळे कळावेत इतका तो जवळ. छावणी हलवावी तर भांडणाची पहिली खोडी आपण काढल्यासारखं होईल, आणि न हलवावी तर पहाटेपर्यंत कापले जाऊ. एल्फिन्स्टनने थांबायचं ठरवलं.

तिकडे वाड्यातही मसलत चालली होती. गोखले म्हणत होते, आत्ताच. मुंबईहून गोऱ्यांची पलटण घाटाने येते आहे, ती पोचायच्या आत. जनरल स्मिथची फौज दूर गोदावरीकाठी गुंतलेली. यापेक्षा चांगली रात्र मिळणार नाही. बाजीरावाने शंका काढल्या, मुहूर्त पाहिला, पुन्हा शंका काढल्या. तोफांचे बैल रात्रभर जुंपून उभे राहिले आणि पहाटे सोडले गेले.

पुण्यात अजूनही सगळं खापर बाळाजीपंत नातूंच्या माथी फोडतात. नातूंनी इंग्रजांना बातम्या पुरवल्या हे खरंच. पण त्या रात्री फितुराची गरज होती कुठे? गच्चीवर उभं राहून नुसते कान दिले तरी पुरत होतं. ती रात्र हुकली ती वाड्यातल्या कचखाऊपणाने.

३० ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर

तीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास मुंबईची गोरी पलटण दाखल झाली. एक नोव्हेंबरला एल्फिन्स्टनने छावणी गारपिरावरून उठवून खडकीला नेली, जिथे मागे मुळेचं वळण आणि पुढे मोकळा माळ. संगमावर पहाऱ्यापुरते अडीचशे शिपाई राहिले. शहरात बोलवा उठली की इंग्रज भ्याले. रिकामी छावणी लोकांनी लुटली.

दापोडीला कॅप्टन फोर्डची पलटण होती. पगार पेशव्यांचा, कवायत इंग्रजांची. पेशव्यांचे कारभारी मोरोपंत दीक्षित हे फोर्डचे जुने स्नेही. त्यांनी फोर्डला सांगितलं की लढाई होणार. दोघांनी एकमेकांना शब्द दिला: आपल्यापैकी जो जगेल-वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचं. मग दोघे आपापल्या बाजूला गेले.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळ

दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली. पेशव्यांची सेना शहरातून निघताना जरीपटक्याची काठी मोडली. लढाई जिंकली असती तर ही गोष्ट कुणाच्या लक्षातही राहिली नसती. बाजीराव पर्वतीवर गेला. तिथून संगम, भांबुर्डं, गणेशखिंड, खडकीचा माळ सगळं नजरेच्या टप्प्यात येतं. लढाई पाहायला याहून सोयीची जागा पुण्यात नाही, आणि करायला याहून गैरसोयीची.

दुपार

गोखल्यांचं घोडदळ भांबुर्ड्याच्या बाजूने पसरत वकिलात आणि खडकी यांच्या मधे शिरू लागलं. एल्फिन्स्टनने विचारणा केली. उत्तर घेऊन विठोजी नाईक गायकवाड आला. निरोप असा: गोरी पलटण परत पाठवा, हिंदी फौज पूर्वीइतकीच ठेवा, आणि छावणी पेशवे दाखवतील त्या जागी न्या. नाहीतर परिणाम बरा होणार नाही.

एल्फिन्स्टनचं उत्तर तुसडं नव्हतं, पण वाकलेलंही नव्हतं. असं फर्मावण्याचा पेशव्यांना हक्क नाही, आपण फौजेकडे जातो आहोत, हल्ला झाला तर लढू. विठोजी निघून गेला. एकतीस वर्षांच्या वकिलातीतलं हे शेवटचं संभाषण.

तिसरा प्रहर उलटताना

आता वेळ मिनिटांत मोजायची होती. बरोबर काय घ्यायचं हा प्रश्नच उरला नाही. रोजनिशी, पत्रं, ग्रीक आणि फारसी पोथ्या, सहा वर्षांची टिपणं, सगळं जागच्या जागी सोडून एल्फिन्स्टन आणि त्याची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. सरळ रस्ता घोडदळाने अडवलेला. त्यांनी नदी ओलांडली आणि पाणी मधे ठेवून पलीकडच्या काठाने खडकी गाठली.

पाठ फिरते न फिरते तोच पेशव्यांचे स्वार संगमावर पोचले. आधी लूट, मग आग. गवताची छपरं, लाकडी तुळया, कोरडे कागद: पेटायला कितीसा वेळ लागणार? मॅलेटपासून जमत आलेलं सारं बेचिराख झालं. अंगावर धावून आलेलं संकट समोर दिसत असताना पुस्तकांकडे पाहून एल्फिन्स्टन काय म्हणाला असेल कोण जाणे. पुढे पत्रांतून मात्र त्याने या नुकसानीबद्दल फारशी कुरकुर केली नाही. फक्त यादी दिली.

त्या संध्याकाळी पेशव्यांच्या सेनेने पुरती जिंकलेली जागा एवढी एकच.

चारच्या सुमारास

खडकीत कर्नल बरकडे फोर्डची पलटण धरूनही तीन हजारांच्या आतलं बळ. समोर पंचवीस हजारांच्या वर. बाहेरून पाहणाऱ्याला निकाल ठरल्यासारखाच वाटला असता. एल्फिन्स्टनने आग्रह धरला की थांबून मार खायचा नाही, पुढे सरकायचं. एवढी छोटी फौज चालून येते आहे हे पाहून समोरचे चरकले.

ग्रँट डफने गणेशखिंडीच्या बाजूने येणारी ती सेना पाहिली आणि त्याला खंबायतच्या आखातातली भरतीची लाट आठवली. हवा उकाड्याची, वाऱ्याचं नाव नाही. घोड्यांच्या टापा आणि तोफांच्या गाड्यांची खडखड याखेरीज आवाज नाही. शेतातले लोक काम टाकून पळत होते, बैल जू झुगारून उधळत होते, हरणं झोपेतून दचकून उड्या मारत जात आणि क्षणभर थबकून मागे वळून पाहत. उभं पीक आणि कुंपणं आडवी होत गेली. तीस वर्षांनी नव्हे, नऊच वर्षांनी, १८२६ साली त्याने हे छापलं, आणि मराठ्यांच्या बखरकारांपैकी कुणाला त्यांच्याच सेनेचं असं चित्र काढता आलं नाही याचं वैषम्य वाटतं.

आणि ऐन वेळी पर्वतीवरून एक स्वार दौडत निघाला. बाजीरावाचा निरोप: पहिली तोफ आपण डागायची नाही. गोखल्यांनी तो स्वार लांबून पाहिला, निरोप काय असेल ते ताडलं, आणि तो पोचायच्या आत नऊ तोफांना बत्ती दिली. वरिष्ठांच्या कचखाऊपणावर याहून नेमका उपाय सेनापतीजवळ नसतो. फक्त तो आठ दिवस उशिरा झाला.

चार ते अंधार पडेपर्यंत

पिंटो नावाच्या पोर्तुगीजाच्या हाताखालचं पेशव्यांचं कवायती पायदळ पुढे आलं आणि इंग्रजांच्या डाव्या बाजूच्या हिंदी पलटणीने ते मागे रेटलं. रेटता रेटता ती पलटण रांग सोडून पुढे गेली. गोखल्यांनी ही फट हेरली. जरीपटका घेऊन सहा हजार निवडक स्वार सुटले. बरने आपल्या माणसांना निशाणाभोवती गोळा केलं. त्या घटकेला लढाई कुठेही झुकली असती.

मधे दलदल होती. ना इंग्रजांना तिचा पत्ता, ना गोखल्यांना. पुढचे घोडे भरधाव वेगात चिखलात रुतले, मागचे त्यांच्यावर कोसळले, आणि त्या गुंत्यावर समोरून बंदुकांचा मारा सुरू झाला. गोखल्यांचा घोडा जखमी झाला. काही स्वार चिखल पार करून इंग्रज रांगांपर्यंत पोचलेही, पण लाट फुटली होती.

उजवीकडे फोर्ड दापोडीहून नदी ओलांडून येत होता. त्याला मधेच गाठायला जे घोडदळ गेलं त्याच्या पुढे मोरोपंत दीक्षित होते. फोर्डच्या पलटणीतल्या तोफेच्या माऱ्याने ते पडले. चार-दोन दिवसांपूर्वीचा शब्द पाळायची पाळी फोर्डवर आली.

अंधार पडला तेव्हा इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून शहाऐंशी होते, पेशव्यांचे सुमारे पाचशे. पंचवीस हजारांच्या सेनेला पाचशे म्हणजे काही कंबर मोडणारा आकडा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालून जाता आलं असतं. कुणी गेलं नाही.

पुढचे बारा दिवस

मुंबईच्या वाटेवर तळेगावला व्हॉन आडनावाचे दोघे इंग्रज भाऊ सापडले. त्यांना फासावर लटकवलं गेलं. ते वकीलही नव्हते आणि लढतही नव्हते. गोखल्यांनी एका माणसाच्या बाबतीत जे रोखलं ते अशा रीतीने भलत्यांच्या वाट्याला आलं.

तेरा तारखेला स्मिथ येऊन पोचला. सोळाच्या संध्याकाळी येरवड्याकडून नदी ओलांडण्यावरून झुंज झाली आणि रात्रीच बाजीरावाने दक्षिणेची वाट धरली. सतरा नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं; ते चढवलं बाळाजीपंत नातूंनी. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला बापू गोखले लढता लढता पडले. ३ जूनला बाजीराव माल्कमच्याच स्वाधीन झाला, माहुलीत ज्याला त्याने गोड बोलून जिंकलं होतं त्याच माल्कमच्या. आठ लाखांचा तनखा मिळाला आणि गंगेकाठी बिठूर.

त्यानंतर

संगमावरची पुस्तकं गेली, पण वकिलातीचा पत्रव्यवहार सगळा गेला नाही. वरिष्ठांकडे वेळोवेळी रवाना झालेली पत्रं दप्तरांत राहिली होती. १९३६ पासून जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ती खंडाखंडाने छापून काढली. मॅलेट काय खबर पाठवत होता, पामरला कशाची काळजी होती, हे आज भिवंडीतल्या वाचनालयात बसूनही वाचता येईल, मागवून घेतलं तर.

एल्फिन्स्टन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. संगमावर वकिलात पुन्हा बसवण्याचं कारणच उरलं नव्हतं. बिठूरला मात्र बाजीरावाच्या शेजारी कंपनीचा एक कमिशनर १८५१ पर्यंत, म्हणजे तो मरेपर्यंत बसून होता. तनखा बंद झाल्यावर दत्तक मुलाने, नानासाहेबाने, अजीमुल्ला खानाला आपला वकील म्हणून थेट लंडनला पाठवलं. १८१७ च्या कलमाने ज्या घराण्याला वकील पाठवायची मनाई झाली होती, त्याचा हा शेवटचा वकील. तो रिकाम्या हातांनी परत आला, वाटेत क्रिमियातलं युद्ध पाहून.